योगिनीच्या गुडघ्याची वाटी

सन्माननीय अध्यक्ष इंद्रभानजी, व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजन, माझ्या धामणगावकर बंधू-भगिनींनो, आणि आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या विज्ञानाच्या अन्नपूर्णा मॅडम,

मी कडूबा, दहावीतल्या योगिनीचा बाप. मॅडमच्या सेवेविषयी आधीचे वक्ते पुष्कळ बोलले. मी फक्त मागच्या हिवाळ्यातली एक दुपार सांगतो. तिचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

याच शाळेच्या मैदानावर मुलींची कबड्डी होती. योगिनी चढाईला गेली, वळली. पाय मातीत तसाच राहिला आणि अंग फिरलं. पोरगी ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. मी धावत गेलो, गुडघ्याकडं पाहिलं आणि तोंडचं पाणी पळालं. समोर वाटी असते तिथं खड्डा होता. वाटी बाहेरच्या अंगाला, कातड्याखाली, टेंगळासारखी. आपल्या लेकराचं हाड असं जागा सोडून गेलेलं कोणत्या बापाला पाहवेल?

"बाबा, माही वाटी कुठी गेली?" तिनं विचारलं.

माझा भाऊ तुळशीराम गावात हाडं बसवायचा. तो पुढं आला. "धरा तिले. एका झटक्यात बसवतो." त्यानं पोटरी धरलीच.

"हात काढा, तुळशीरामभाऊ," मॅडम म्हणाल्या आणि मातीत बसल्या.

मंडळी, मॅडमना खाली बसलेलं आपल्यापैकी कोणी पाहिलं होतं? हळदीकुंकवाला उभ्या, पंगतीला उभ्या, चालणंही ताठ. बाया म्हणायच्या, मॅडमले लय गर्व हाय. त्या दिवशी त्या बसल्या, तेव्हा त्यांचा डावा पाय वाकलाच नाही. लाकडासारखा सरळ पुढं आला.

"मी हिच्याएवढी होते. आमच्या बीबी गावात माझा गुडघा असाच ओढून बसवला होता. आत पू झाला. मग कधी वाकला नाही."

तुळशीरामचे हात आपोआप सुटले.

मॅडमनी पाय होता तसाच ठेवला, खाली दप्तरं लावली, ओढण्यांनी बांधला. गाडी येईपर्यंत योगिनीशी बोलत राहिल्या. "वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. मध्ये कूर्चेच्या दोन गाद्या. आत दोन चिवट पट्टे एकमेकांना आडवे, दोन्ही बाजूंना एकेक. त्यांनी हाडं धरून ठेवलीत. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकते. तुझी खाचेबाहेर गेली बेटा, हरवली नाही." ऐकता ऐकता पोरीचा श्वास ठिकाणावर आला.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन पाय हळूहळू सरळ केला, तशी वाटी जागेवर आली. एक्स-रेत हाडाचा टवका उडालेला दिसला. "झटका दिला असता तर सांध्याचं आणखी नुकसान झालं असतं," ते म्हणाले.

गुडघ्याला आधाराचा पट्टा लावून, व्यायाम करून योगिनी आता पळते. मी मॅडमना विचारलं, "इतकी वर्षं काऊन नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "मुलींनी धडा सोडून माझ्या पायाकडं पाहिलं असतं."

तुळशीराम मागच्या रांगेत बसलाय. त्याला बोलायचं होतं, पण धीर होत नाही म्हणाला. म्हणून त्याचं मीच सांगतो. आताही लोक मुरगळलेला हात-पाय घेऊन त्याच्याच दारी येतात. तो हात लावत नाही. स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेतो.

मॅडम, आमचं घर तुमचं ऋणी आहे. मंडळींनी शांतपणे ऐकलं, आभार. बोलण्यात कुठं तोल गेला असेल, तर बापाचं काळीज समजून पोटात घाला.