बासष्ट टक्के गोपिका

...आणि वरून त्याचं म्हणणं काय, तर 'आपलं प्रोफाइल बासष्ट टक्के पूर्ण आहे!' बासष्ट! म्हणजे एवढी धडधाकट पोट्टी, बीकॉम झालेली, टॅली येते, टायपिंग येते, सक्करदऱ्याच्या चौकातून भर गर्दीत गाडी काढते, आणि ते मुकं कॉम्प्युटर तिले सांगते की बाई, तू अजून अर्धीमुर्धीच आहे! बाकीचे अडतीस टक्के काय घरी विसरून आली का हो ती? तुम्हाले सांगतो, डोकं फिरते.

आता तुम्ही म्हणाल, श्रीधरराव, तुमचं काय जाते? जाते ना! गोपिका आमच्या बाजूची. मधात एक भिंत, आणि वायफाय माझं. शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालो, म्हटलं निवांत भजनं ऐकू, म्हणून बसवलं. आता भजन अर्ध्यात अटकते, काहून, तर पल्याड गोपिका अर्ज भरून राहिली! बरं, बंद करावं तर आमची बायको, शोभा, मलेच बंद करते. 'पोरीच्या नोकरीच्या आडवे येता? लाज नाही वाटत?' मी भजनच बंद करतो.

तिचा बाप शालिकराम, कळमन्याले संत्र्याच्या अडतीवर. माणूस सोन्यासारखा, पण एकच पालुपद, 'ओळख पाहिजे गा, श्रीधर. ओळखीशिवाय कोणी पाणी विचारत नाही.' मी म्हटलं हौ, खरं आहे. तिचा भाऊ गोलू असाच लागला ना, मामाच्या ओळखीनं, गांधीबागेत कपड्याच्या दुकानात. झालं! तेव्हापासून मामा येते, सोफ्यावर पसरते, आणि चहा येण्याच्या आधी सुरू, 'म्या लावला त्याले! नाही त फिरत राहिला असता गावभर!' गोलू बिचारा मान खाली घालून बिस्किटं आणाले जाते. हे पाहून पाहून गोपिकाचं टाळकं सटकलं. म्हणे, 'मले जन्मभर कोणाचं ऐकून घ्याचं नाही. नोकरी लागीन तर माझ्या भरवशावर.' शालिकराम म्हणे, 'ठीक आहे. अक्षयतृतीयेपर्यंत पाह्य. नाही तर मामानं बोलून ठेवलं आहे, त्याच दुकानात गल्ल्यापाशी बसाचं.'

मंग काय, भिडली पोट्टी! नोकरीच्या साइटवर रेझ्युमे चढवला. चढवल्यावर साइट म्हणते, आता त्याच्यातलं सगळं परत टाइप करा. अरे, मंग चढवाले काहून लावला बाप्पा? टाइप केलं. म्हणे पासवर्ड टाका, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह; टाकला, तर म्हणे कमजोर आहे. ओटीपी गेला शालिकरामच्या फोनवर, शालिकराम कळमन्यात लिलावात, तिथून बोंबलते, 'चार... सात... अबे तो क्रेट इकडं ठेव... नऊ...', तोवर वेळ संपली! मंग फोटोतले सिग्नल ओळखा, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. केलं सिद्ध! आणि जाहिरात काय? 'फ्रेशर पाहिजे, अनुभव तीन वर्षं.' म्हणजे पोरगं आज जन्मलेलं पाहिजे, पण चालता आलं पाहिजे! रोज सकाळी मोबाइल टुंग वाजते, 'गोपिका, खास तुमच्यासाठी नोकरी!' पाहते तर हृदयरोगतज्ज्ञ. दुसऱ्या दिवशी क्रेन ऑपरेटर. आणि खाली आपलं बारीक अक्षरात... बासष्ट टक्के.

एक दिवस फोन आला. 'बधाई हो मॅडम, आप सिलेक्ट हो गई! बस लॅपटॉप का डिपॉझिट भर दीजिए.' इंटरव्ह्यू नाही, काही नाही, डायरेक्ट सिलेक्ट! गोपिका म्हणते, 'भाऊ, पगारातून कापून घ्या ना.' फोन कट. दुसरी एखादी रडत बसली असती. हिनं फोन ठेवला, पाणी पेली, परत अर्जाले बसली, आणि माझं भजन परत अटकलं.

शालिकरामले मात्र राहवलं नाही. कुठून तरी एका कंपनीचा नागपुरातला पत्ता त्याले सापडला. गडी धुतलेला सदरा घालून, मृग बहाराच्या संत्र्यांची पेटी स्कूटीवर बांधून, थेट कंपनीत! म्हणे साहेबाले तोंड दाखवतो, पोट्टीचं नाव कानावर घालतो. वॉचमन म्हणे, 'काका, साहेब इथं बसत नाही. ऑनलाइन अप्लाय करा.' 'मंग तू इथं काय राखून राहिला गा?' वॉचमन म्हणे, 'एसी.' पेटी वापस आली. गोपिकानं ते पाहिलं आणि अशी तापली, विचारू नका! 'बाबा, काहून गेले तुम्ही? मी काय संत्र्यावर फुकट आहे का?' बापलेकीचं बोलणं बंद. संत्री मग आम्ही खाल्ली, गोड होती.

आणि अक्षयतृतीया तोंडावर असताना आला इंटरव्ह्यू! पुण्याची कंपनी, व्हिडिओवर, आणि वेळ कोणती? दुपारी दोन! एप्रिलात, नागपुरात, दुपारी दोन! कूलर लावला तर तिकडच्या मॅडमले वाटते विमान उतरून राहिलं, बंद केला तर पोट्टी घामानं न्हाऊन निघते. बंद केला तिनं. ओढणीनं घाम पुसला आणि ताठ बसली. शोभा फाटकावर, भंगारवाल्याले नुसत्या हातवाऱ्यानं हाकलून राहिली. गोलू सुटी काढून मीटरपाशी बसला, जसं काही त्याच्या धाकानं लाइन जाणार नाही. शालिकराम पंचा ओला करून डोक्यावर घेऊन अंगणात. आणि मी? टीव्ही, मोबाइल, भजन, सगळं बंद करून भिंतीले कान लावून! मॅडम विचारते, 'आपली एक कमजोरी सांगा.' आता शहाण्यानं काय सांगावं, की मी भल्ली मेहनत करतो! ही म्हणते, 'मॅडम, मी कोणाची ओळख लावत नाही, आणि माझ्यासाठी कोणाला लावूही देत नाही. घरचे वैतागले आहेत.' गेली! म्हटलं, गेली हातातली नोकरी! मॅडम हसली. म्हणे, 'आम्ही कळवू.'

या 'कळवू'चा अर्थ सगळ्यांले माहीत आहे. पण कळवलं हो! लागली पोट्टी! घरून काम, माझ्याच वायफायवर, तो भाग वेगळा. शालिकराम भिंतीपलीकडून 'श्रीधर! श्रीधर!' एवढंच ओरडून राहिला. मीही इकडून 'शालिकराम! शालिकराम!' सुरू केलं. अक्षयतृतीयेले मामा आला. हात धुवाच्या आधी म्हणे, 'म्या फोन केला होता पुण्याले!' 'कोणाले, मामा?' 'होते एक साहेब.' गोपिका म्हणते, 'तिथं तर मॅडम होत्या.' मामानं आमरस वाढून घेतला.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या कंपनीचं काम काय, तर दुसऱ्या कंपन्यांसाठी माणसं निवडाची. आणि आमच्या गोपिकाचं काम, लोकांचे अर्ज पाहाचे आणि लोकांले कळवाचं! मी आपला रिकामा माणूस. म्हटलं, याच वायफायवर तिची लागली, माझीही लागून जाईन, अर्धवेळ हिशेब लिहाची. टाकला गुपचूप अर्ज तिच्याच कंपनीत. परवा टुंग वाजलं. 'श्रीधरजी, आपल्या अर्जाबद्दल आभार. सध्या आपली निवड होऊ शकत नाही. गोपिका.' माझ्याच वायफायवरून! मधात एक भिंत!

तसाच अंगणात गेलो, भिंतीवरून वाकून म्हटलं, 'गोपिके, मी वं! तुया श्रीधरकाका! पासवर्ड कोणं दिला होता तुले?' ती चहा पित होती. इतक्या मायेनं हसली ती पोट्टी, तुम्हाले सांगतो, मले वाटलं झालंच काम. म्हणे, 'काका, चहा घ्या. पण ओळख नाही चालत. आणि तुमचं प्रोफाइल पण...'

पुढचं मी सांगत नाही, तुम्हाले पाठ झालं असेल! घेतला मंग चहा. चिडू तरी कोणावर? शिकली ते बरोबरच शिकली. आता दोन दिवसांपासून उरलेले अडतीस टक्के भरून राहिलो. पण तुम्ही एवढे जण बसले आहात, म्हणून आपलं हळूच विचारतो... तुमच्यापैकी कोणाची ओळख आहे का हो, त्या गोपिकासोबत?