मागितली रजा, झाली निवड

पंचवीस वेळा! आता तुम्हीच सांगा, तिकडे अमेरिकेत हँक अ‍ॅरन नावाचा माणूस बेसबॉल खेळायचा, त्याची त्यांच्या त्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी पंचवीस वेळा निवड झाली, आणि त्याचा त्रास कुणाला? मला! दत्तप्रसादला! इथे आखातात, मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत पाइप जोडणाऱ्या वेल्डरला! अहो, माझा आणि बेसबॉलचा संबंध काय? मी काय मागितलं होतं? रजा. गणपतीची रजा, दुसरं काही नाही.

आणि यंदा पाळी आमची हो! तुम्हाला सांगतो, आमच्या गावी गणपती एक आणि घरं चार, दर वर्षी एका घराची पाळी, ज्याची पाळी तो पाटावर बसणार, पूजा त्याची, मान त्याचा. म्हणजे माझा नंबर चार वर्षांनी. मागची पाळी आली ती नेमकी कोरोनात, विमानं बंद, मी इथे अबू हलीफातल्या फ्लॅटमध्ये दार लावून बसलेला, आणि तिकडे पाटावर कोण? चुलतभाऊ नंदकुमार! भटजी मंत्र सांगतायत आणि हा मध्येच मोबाइलकडे बघून हसतोय. म्हणून यंदा आमची आई, ठकूबाई, मे महिन्यापासून फोनवर एकच... "झिला, ह्या खेपेक तरी येतलस मा? देव काय तुझ्यासाठी पाळी बदलून देवचो नाय."

पण येतलस कसा? रजेचा अर्ज पडलाय मुदीरच्या टेबलावर. मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर, मिस्टर डॅल्टन, अमेरिकन. माणूस वाईट नाही हो, पण सही म्हटली की त्याला मीटिंग आठवते. तेव्हा साबीरने मला मंत्र दिला. साबीर रत्नागिरीकडचा, माझा रूम पार्टनर आणि साहेबाचा ड्रायव्हर. म्हणाला, दत्तू, साहेबाकडे आधी रजा मागायची नाही, आधी बेसबॉल बोलायचं, माणूस लोण्यासारखा वितळतो. एकच गोष्ट पाठ कर, ऑल-स्टारला सगळ्यात जास्त वेळा कोण गेला.

केली पाठ! दहावीला इतिहास केला नाही तेवढी केली. हँक अ‍ॅरन पंचवीस, विली मेज चोवीस, स्टॅन म्यूझिअल चोवीस... आणि गंमत बघा, अ‍ॅरनची वर्षं भरतात एकवीस! वर्षाला एक सामना, एकवीस वर्षं, मग पंचवीस आले कुठून? तर म्हणे मध्ये चार वर्षं त्यांनी वर्षाला दोन-दोन सामने ठेवले होते. आपला अधिक महिना असतो ना, तसे अधिक सामने. मला तेव्हा हसू आलं. हसलो मी!

गेलो केबिनमध्ये. म्हटलं, साहेब, हँक अ‍ॅरन, ट्वेंटी-फाइव्ह टाइम्स. बस्स! साहेब उठला, मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी, त्याच्या बापाने त्याला लहानपणी खांद्यावर बसवून सामना दाखवला होता, ती सगळी कहाणी सुरू... आणि कॉफीचा मग कुठे ठेवला? माझ्या अर्जावर! मग एकदम टेबलावर हात आपटून म्हणतो, "डाटा! वुई विल हॅव्ह अवर ओन ऑल-स्टार!" शेजारच्या कंपनीशी सामना, कामगारांनी मत देऊन टीम निवडायची, मेसमध्ये पेटी ठेवायची, आणि पहिला उमेदवार डाटा, म्हणजे मी. अरे पण मी काय मागितलं होतं? रजा!

म्हटलं जाऊ दे, मला कोण मत देतंय? साधी फेकलेली चावी मला झेलता येत नाही. पण आपल्या माणसांना तुम्ही ओळखत नाही! साबीर फिरला ना रूमारूमांतून, "आपला माणूस उभा हाय, मत घाला." संपलं. कशाला उभा आहे, कुणी विचारलं? छे! मालवणचा, दापोलीचा, श्रीवर्धनचा, झाडून सगळ्यांनी मत घातलं. फरवानियाला महबूबचा बकाला आहे, किराणा विकतो हो तो, आमच्या कंपनीशी काही देणंघेणं नाही, तो सुट्टीच्या दिवशी बस बदलून आला आणि मत घालून गेला! मोजली तेव्हा कामगारांपेक्षा मतं जास्त. आणि सामना कधी? शनिवारी. कुठला शनिवार? चतुर्थीचा!

तरी मी हरलो नाही. साहेबानेच मला सांगितलं होतं, तिकडे सिनसिनाटी नावाचं गाव आहे, त्या लोकांनी एका वर्षी आपल्याच पोरांना मतं घालघालून जवळजवळ सगळी टीम आपलीच केली, तेव्हा वरच्या साहेबाने दोघांना काढून टाकलं आणि लोकांचा मताचा हक्कच काढून घेतला. धावत केबिनमध्ये गेलो. म्हटलं साहेब, बोगस मतदान झालंय, चौकशी करा, मला काढा. जगात असा उमेदवार बघितलाय तुम्ही? तर साहेब गहिवरून म्हणतो, डाटा, लोक तुझ्यावर इतकं प्रेम करतात!

आणि रजा कुणाची मंजूर झाली? साबीरची! त्याला टीममध्ये कुणी घेतलं नव्हतं ना, मोकळाच होता. जाताना म्हणतो, आईला काय सांगू? खरं सांगतो, संडासात जाऊन नळ सोडून रडलो.

चतुर्थीला सकाळी मैदानात मी. मला उभं केलं पार लांब कोपऱ्यात, जिथे चेंडू येतच नाही. इथे साडेआठ, तिकडे अकरा. मी मोबाइल कुंपणाच्या जाळीत अडकवला आणि मैदानाकडे पाठ केली. पाटावर नंदकुमार. पुन्हा हसतोय! मागून आईचा आवाज, "रे, माझो झिल दिसता काय बघा." आरती झाली, मी टाळ्या वाजवल्या, एका हातात ते चेंडू झेलायचं चामड्याचं गाठोडं, आवाज फदफद. मग आईने प्रसादाचं ताट मोबाइलपुढे धरलं, म्हणाली, घे. आणि मला भान राहिलं नाही हो, सवयीने मागे सरकलो, वाकलो आणि ओंजळ पुढे केली...

ओंजळीत चेंडू!

वरून आला, कसा आला देवाला ठाऊक. मागे आरडाओरडा, सामना जिंकलेला, साहेब धावत येतोय, मला खांद्यावर घेतलंय, आणि मोबाइलमध्ये आई विचारतेय, "त्येका खंय नेतत?"

साबीर परत आला, आईने दिलेला खाजा आणि सुके मोदक घेऊन. वर मला म्हणतो, काळजी करू नकोस, पुढच्या खेपेलाही तुला निवडून आणतो. काळजी कशाला करू? पुढची पाळी चार वर्षांनी. म्हटलं ठीक आहे, गणपती गेला, निदान शिमग्याला तरी जाऊन पालखी नाचवू. गेलो केबिनमध्ये. मी काय मागितलं? रजा! साहेब म्हणाला, बस डाटा, तुझ्यासाठी खूशखबर आहे, तुझ्या त्या झेलावर मोठे साहेब इतके खूश झालेत की आता वर्षाला दोन सामने.

दुसरा मार्चमध्ये. ऐन शिमग्यात.

होणार, माझेसुद्धा पंचवीस होणार.