चंद्राचा खिळा

...अहो, खिळा दिसत होता, खिळा! चंद्राला! पुठ्ठ्याचा चंद्र खिळ्यानं ठोकलेला, आणि तो बघून आमची शेजारीण सुमती टॉकीजच्या खुर्चीत अशी बसली, काय सांगू तुम्हाला... माहेर बुडाल्यासारखी!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या चंद्राचं? तेच तर सांगते. सुमती पूर्णा गावची. लहानपणी गावात तंबूतला सिनेमा आला, पुढं जागा नाही म्हणून ही पडद्याच्या मागं गोणपाटावर बसली. नायक उलटा, नाव उलटी, पण तंबू वरून फाटलेला, त्यातून आभाळ दिसतंय, गार वारा सुटलाय, पडदा हलतोय की पाणी हलतंय कळत नाही... नायक गात गात वल्हवतोय, नायिका पाण्यात बोटं सोडून बसलीय... ती नाव सुमतीच्या डोळ्यांत शिरली ती शिरलीच! शाळेत मास्तरीण झाली, लग्न झालं, लेक विद्युल्लता झाली, तरी कढीला फोडणी देता देता बाई मध्येच थांबायची, स्टोव्ह भरभरतोय, फोडणी करपतेय, आणि ही आपली मला म्हणते... "असा पिक्चर पुन्हा होणे नाही हो, गोदूबाई!"

आणि भाऊ? तिचे यजमान, कचेरीत कारकून. बिचारे त्या नायकापुढं कायमचे नापास! गजरा आणला तर, "त्यानं कमळ तोडून दिलं होतं." समजूत घातली तर, "तो गाणं गाऊन समजूत घालायचा." आता मला सांगा, भिवंडीत चारी बाजूंनी कापडाचे लूम खडखडतायत, तिथं दमून आलेल्या माणसानं गायचं कसं? आणि ऐकू कुणाला जाणार?

तर तोच पिक्चर रविवारी मॅटिनीला लागला! सुमतीनं ठेवणीतली साडी काढली, मलाही ओढलं. भाऊ म्हणाले, "चला, बघू तरी माझा वैरी कोण ते."

दिवे गेले. आली नाव. हलेचना! मागची झाडं सरकतायत, नाव जागच्या जागी! पुढं लूमवाले बसलेले, त्यातला एक ओरडला, "अरे भाई, धक्का मारो, धक्का!" नायकाच्या ओठांना लाली, पोट नावेच्या बाहेर. बरं, गाणं संपलं, नायिकेनं नुसतं विचारलं, "नाथ, विलंब का झाला?" तर फाडकन तिच्या कानाखाली! आणि ती बया पाया पडून म्हणते कशी, "चूक माझीच, नाथ!"

सुमतीनं माझा हात घट्ट धरला. "गोदूबाई, हे नव्हतं हो... गाणं संपल्यावर मी झोपले असेन... आणि चंद्र? चंद्र तर आमच्या आभाळातला होता, फाटक्या तंबूतून दिसणारा..." आणि तिनं डोळेच मिटून घेतले. कुठं गेली कोण जाणे. तोंडावर जरासं हसू, बोटं हलताहेत, पाण्यात सोडल्यासारखी...

आणि तिच्या पलीकडं हुंदका! बघते तर भाऊ! रुमाल भिजून चिंब!

बाहेर आलो तर उन्हात उभे राहून म्हणतात, "सुमती, मी उगाच हसायचो गं तुला. काय ती नाव! काय ती माया! असा पिक्चर पुन्हा होणे नाही!"

सुमतीच्या अगदी ओठांवर आलं होतं, की अहो, कसली माया, थोबाडीत मारली त्यानं! पण त्या माणसाचा चेहरा असा उजळलेला, लग्नातही एवढा नव्हता. म्हणाली, "मी सांगतच होते."

झालं! तेव्हापासून भाऊ गातात. अंघोळीला गातात, पान खाताना गातात, शेजारचे लूम बंद पडले तरी गातात!

काल सुमती दारात आली. "गोदूबाई, रविवारी पुन्हा न्यायचं म्हणतायत. तुम्हीही या."

म्हटलं, "अगं, मी कशाला?"

"मला झोप लागणार. ते रडायला लागले, की तेवढं हलवून उठवा. मलाही डोळे पुसायला नकोत का?"