चौथी बाटली

दानीएल : लोणच्याच्या बरणीमागं ठेवली होती. मी स्वतःच्या हातानं ठेवली होती.

हन्ना : मग त्या हातालाच विचारा. अन् फ्रीजचं दार लावा आधी, सगळं गार बाहेर चाललंय.

दानीएल : चेष्टा नाही, हन्ना. तपकिरी बाटली, तारेचं बूच. काल आपला जोसेफ पुण्याहून घेऊन आला ती.

हन्ना : म्हणजे या आठवड्याची.

दानीएल : हो, या आठवड्याची.

हन्ना : एक आठवडा कोरडा गेला म्हणून सरकार पडणार नाही. बसा जरा. रिटायर झाल्यापासून एका जागी बूड टेकवलं असेल तर शपथ. या खोलीतून त्या खोलीत, गच्चीवर, परत खाली. शाळेत तरी घंटा झाली की खुर्चीत बसायचात.

दानीएल : बसून काय करू? वर्ष संपत आलंय, अन् आठवड्याला एक नवी, घेतली ती परत नाही, असं मी ठरवलंय. कालच्या बाटलीतले दोन घोट घेतले, भयंकर कडू. म्हटलं उद्या डोकं ताजं असताना बघू, म्हणून लेबल काढून, बूच लावून मागं ठेवली.

हन्ना : पोरानं वाढदिवसाला अर्धा ग्लास काय पाजला, तुम्ही वर्षाचा वसाच घेतलात. तरुणपणी युवक संघात उभं राहून दारूबंदीची शपथ घेतलेला माणूस.

दानीएल : घेतली होती. अन् साठ वर्षं मला वाटायचं, बिअर म्हणजे एकच चीज. कडू, पिवळी, फेसाळ. तर तिचे केवढे प्रकार निघाले. कुणी गव्हाची करतं, कुणी जव काळे पडेपर्यंत भाजतं. तेव्हापासून मला चैन नाही बघ. असं आणखी काय काय मी न बघताच एक समजून बसलो असेन?

हन्ना : ते शोधायला सुप्यापर्यंत जायचं, अन् तेही सहादेवभाऊंसारख्या माळकरी माणसाच्या टेम्पोत.

दानीएल : इथल्या बिअर शॉपीत गेलो असतो तर रविवारी अर्धी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करत बसली असती. ते राहू दे. तुझ्या रसाच्या बाटल्या कुठायत? त्यांच्यामागं गेली असेल.

हन्ना : त्या गेल्या चर्चमध्ये. उद्या पहिला रविवार, प्रभुभोजनाला रस लागतो ना? सहादेवभाऊ नेप्तीच्या बाजारात कांदा टाकून घरी जात होते, त्यांच्याकडं दिल्या. मी अंघोळीला होते. आतूनच सांगितलं, फ्रीजमधल्या तपकिरी बाटल्या घ्या अन् चर्च सांभाळणाऱ्या लंकाबाईच्या हातात द्या.

दानीएल : तपकिरी?

हन्ना : तुमच्याच रिकाम्या. माझ्या सरबताच्या बाटल्या एकेक करून फुटल्या. अन् माळ्यावर तुमची ही रांग, भंगारवाल्याला कळू नये म्हणून लेबलं भिजवून काढलेली. म्हटलं, बूच घट्ट बसतं. धुतल्या अन् मनुक्यांचा रस भरला.

दानीएल : किती भरल्या?

हन्ना : तीन.

दानीएल : अन् सहादेवनं किती नेल्या?

हन्ना : मी अंघोळीला होते म्हटलं ना. हे बघा, आलेच ते. त्यांनाच विचारा.

सहादेव : सलाम मास्तर. वैनी, पोच केल्या बरं का तुमच्या चारी बाटल्या. लंकाबाईनं कपाटात ठिवल्या.

हन्ना : चार?

सहादेव : चारच हुत्या की. तीन फुडं आन एक मागं, लोणच्यापाशी. म्हनलं वैनी घाईत हायेत, उगं एखादी मागं ऱ्हायला नको.

दानीएल : सहादेव, ती मागची माझी होती.

सहादेव : तुमची म्हंजी त्यातली?

दानीएल : त्यातली.

सहादेव : आरं देवा. आन मी ती नेऊन देवाच्या दारात ठिवली. माळ हाय माज्या गळ्यात, मास्तर.

हन्ना : वाजले किती?

दानीएल : चार होऊन गेले.

हन्ना : पाचला कमिटी येते प्रभुभोजनाचं मेज मांडायला. त्यातली सुकन्याबाई एकेक बाटली उघडून बघते. तिनं हट्टच धरलाय, हा घरचा रस बंद करा, दुकानातला बाटलीबंद ज्यूस आणा, तो स्वच्छ असतो. तिला निमित्त मिळायचाच अवकाश. सहादेवभाऊ, टेम्पो वळवा. अहो, चपला घाला. आता का उभे राहिलात? एरवी नुसते पळत असता.

(टेम्पोत, पुढच्या सीटवर तिघं.)

सहादेव : जरा चेपून बसा मास्तर, गेर टाकाया जागा द्या. आन वैनी, तुमी काळजी करू नगा. धा मिन्टात पोचतो.

हन्ना : माझ्याआधी रस करायच्या त्या बनुबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी ते पितळी पातेलं माझ्याकडं दिलं. म्हणाल्या, हन्ना, मनुके रात्रभर भिजव, मंद आचेवर उकळ, अन् कपड्यानं गाळताना पिळू नको, गढूळ होतो. तेव्हापासून एक महिना चुकवला नाही. कोरोनात चर्च बंद होतं तरी मी उकळून घरात ठेवायची. लोक मला हन्नाबाई म्हणून कमी अन् रसवाल्या बाई म्हणून जास्त ओळखतात. अन् हे आज बिअरच्या बाटलीवरून जायचं.

दानीएल : जाणार नाही. आपण आधी पोचतोय. पण मला एक कळत नाही. तू दर वेळी बाटली पाठवायच्या आधी बूच काढून वास घेतेस. वर्षानुवर्षं बघतोय मी. आज घेतला असतास तर लगेच कळलं असतं.

हन्ना : अंघोळीला होते.

दानीएल : आधी घ्यायचास. अंघोळ काय दुपारभर चालली होती?

हन्ना : समोर बघा तुम्ही.

दानीएल : समोर सहादेव बघतोय. मला सांग ना.

हन्ना : येत नाही मला वास.

दानीएल : सर्दी झालीय?

हन्ना : सर्दी नाही. कोरोनाची दुसरी लाट आली, मला ताप आला, तेव्हा गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आला. चवही अर्धीमुर्धी. मीठ कळतं, बाकी सगळं पुठ्ठा खाल्ल्यासारखं.

सहादेव : मायला. एवढी वर्सं, वैनी?

हन्ना : तुम्ही गाडीकडं बघा, भाऊ. नुसतं नाकाशी धरते मी बूच. लोक बघतात म्हणून.

दानीएल : मला का नाही सांगितलंस?

हन्ना : तुम्ही कुणाला तरी बोलला असता. काळजीपोटीच बोलला असता, पण बोलला असता. मग ज्या बाईला वास येत नाही तिच्या हातचा रस मंडळीनं का घ्यावा? सुकन्याबाईनं पहिल्याच मीटिंगला विचारलं असतं. अन् खरं सांगू? तिचं काही चुकलं नसतं. याचीच मला भीती वाटायची.

दानीएल : अन् मी वर्षभर दर शनिवारी तुझ्यामागं ग्लास घेऊन फिरतोय. पिऊ नको, नुसता वास बघ. याला संत्र्याच्या सालीचा येतो, याला भाजलेल्या सातूचा. तू उठून जायचीस. मला वाटायचं, तुला माझी शिसारी येते.

हन्ना : मग काय करायला हवं होतं? ग्लास नाकाशी धरून खोटं बोलले असते? तुम्ही केवढं खूश होऊन सांगायचात. मला राग यायचा. तुम्ही नवेनवे वास शोधत गावभर फिरताय अन् मला घरातला रॉकेलचा अन् गुलाबाचा फरक कळेना.

सहादेव : आलं चर्च. गेटात घालू का हितंच थांबू?

हन्ना : इथंच थांबा. लंकाबाई वऱ्हांड्यात आहे, मी किल्ली घेते. तिला सांगते, बाटली बदलायचीय. खोटं तर नाही ते.

(चर्चमध्ये, कपाटापाशी.)

दानीएल : हे कपाट का? थांब, मी काढतो. चारी सारख्याच दिसतायत. ही पहिली. ही तुझी, मनुकाच आहे, थोडी दालचिनी.

हन्ना : दालचिनी टाकते मी, चिमूटभर. पुढची?

दानीएल : ही माझी. करपलेलं आहे एकदम. बाजूला ठेव. ही पण तुझी, छान आहे. आता ही शेवटची.

हन्ना : शेवटची बघायची गरज नाही. मिळाली ना तुमची? चला.

दानीएल : हन्ना.

हन्ना : काय?

दानीएल : काही नाही. चल.

हन्ना : चेहरा बघितला मी. परत घ्या वास. अन् खरं सांगा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, उगाच आता सुरू करू नका.

दानीएल : ही आंबलीय.

हन्ना : नीट बघितलंत?

दानीएल : बूच काढताना फुस्स झालं, ऐकलं नाहीस? ही तू कधी भरलीस?

हन्ना : सोमवारी. तेव्हा हिला फ्रीजमध्ये जागा नव्हती. तीन दिवस ओट्याखाली होती.

दानीएल : मग चूक माझ्या बाटलीची. जोसेफ आणतो तिथं ताजी भरून देतात, तिच्यात आंबवण जिवंत असतं. तू बाटली धुतलीस, पण बुचाच्या रबराखाली थोडं राहिलं असणार. तेवढं पुरतं त्याला.

हन्ना : बाटली तुमची असेल. कळायला तर मला हवं होतं ना? उद्या मी लहान लहान ग्लासांतून हे वाटलं असतं. नुकतंच दृढीकरण होऊन पहिल्यांदा प्रभुभोजन घेणारी पोरं असतात, म्हाताऱ्या असतात. अन् याआधी कितीदा झालं असेल?

दानीएल : या बाटल्या तू याच महिन्यात वापरल्यास. याआधी नसेल झालं.

हन्ना : नसेल. पण मला सांगता येईल का? नाही ना. संपलं मग. पाचला येतील तेव्हा मीच सांगते, पुढच्या महिन्यापासून दुकानातला आणा. पातेलंही देऊन टाकते.

दानीएल : घाई करू नको.

हन्ना : तुम्ही मला घाई करू नको म्हणताय? तुम्ही?

दानीएल : मीच म्हणतोय. ऐक. दोन बाटल्या चांगल्या आहेत. जाताना मनुके घेऊ, भिजवायला आज गरम पाणी वापर, कमी पडेल तेवढा रस होईल. उकळायचं तू. वास मी घेईन. या महिन्यात, पुढच्या महिन्यात, दर महिन्यात. वर्षभर मी दुसरं केलंय काय? डोळे मिटून सांगेन तुला, मनुका कुठवर गोड आहे अन् कुठून आंबट व्हायला लागला.

हन्ना : अन् पाळकसाहेबांना काय सांगायचं?

दानीएल : आहे ते. हन्नाचं नाक गेलंय, तिनं नवऱ्याचं उसनं घेतलंय.

हन्ना : ते विचारतील, मास्तरांचं नाक एवढं तयार कुठं झालं.

दानीएल : तेही सांगेन.

हन्ना : सगळ्या कमिटीसमोर?

दानीएल : सुकन्याबाईसमोर सुद्धा. प्रार्थना करतील माझ्यासाठी, करू देत. सुप्याला लपून जायचा मला कंटाळा आलाय.

हन्ना : त्या दोन कपाटात ठेवा. या दोन पिशवीत घ्या. इथं सांडू नका. चला बाहेर, मनुके घेऊन पाचच्या आत परत यायचंय. आधी मी माझं सांगेन, मग तुम्ही तुमचं.

सहादेव : घावली का? तुमची दोगांची तोंडं आशी का? काय झालं आत?

दानीएल : एक आणायला गेलो, दोन घेऊन आलो. वाण्याकडं घे, मनुके घ्यायचेत.

सहादेव : त्यो कोपऱ्यावरचा चांगले ठिवतो. बसा. वैनी, ती बाटली मांडीवर कशाला घेतली? द्या, मागं टाकतो.

हन्ना : राहू द्या. अहो, ही तुमचीच ना? कडूवाली?

दानीएल : तीच. का?

हन्ना : बूच काढून द्या. माझ्या हातानं तार निघत नाही.

दानीएल : हन्ना, तू शपथ घेतली होतीस. माझ्याच शेजारी उभी राहून.

हन्ना : ठाऊक आहे. तुमच्या आधी घेतली होती, तुम्ही लाजत होतात. काढताय ना?

सहादेव : मी आपला रस्त्याकडं बगतो. मला काय दिसलं न्हाई.

दानीएल : थोडीच घे. नुसती जिभेला लाव. जोसेफ म्हणाला, यात जव अगदी काळे होईस्तोवर भाजलेले असतात. मला तर नाही आवडली. हन्ना? काय झालं? थुंकायची असेल तर खिडकी खाली कर.

हन्ना : कडू आहे.

दानीएल : म्हटलं ना मी.

हन्ना : कडू आहे, अहो. जिभेच्या मागं, इथपर्यंत. मला लागतंय.

दानीएल : खरंच?

हन्ना : पुठ्ठा नाही. कडू. कारल्याची भाजी करते मी, तीसुद्धा अशी लागत नाही मला. तुम्ही का रडताय? माझं नाक गेलंय, तुमचं नाही.

दानीएल : नाही रडत. एक विचारू? चहात आलं इतकं का घालतेस? घसा सोलून निघतो.

हन्ना : तेवढं घातलं तरच काही तरी कळतं. तुम्ही बोलला नाहीत कधी.

दानीएल : कोरोनात काढ्याची सवय लागली, तीच पुढं चाललीय असं मला वाटायचं.

हन्ना : सांगायचं ना.

दानीएल : तू तरी कुठं सांगितलंस?

सहादेव : वाणी आला. किती घ्याचे मनुके?

हन्ना : अर्धा किलो. काळे, बिया नसलेले. अहो, तुम्ही उतरा, वास बघून घ्या. अन् हे घ्या, बूच नीट लावा. उद्या उपासना आहे, उद्या नको. सोमवारी परत बघते, कडूच लागते का.