फॉर्म मिटल्यावर उठायचं नाही

बायांनो, भावांनो, आणि पुढच्या रांगेत बसलेले आमचे सर,

मी लता. इथलीच, शिनोलीची. माझ्या आधी मोठी मोठी माणसं बोलली. तालुक्याचे साहेब बोलले, पुण्याहून आलेले डॉक्टर बोलले. त्यांचं बोलणं कसं छापून ठेवावं असं होतं. माझं तसं होणार नाही. सकाळपासून मनात चार वाक्यं जुळवत होते. इथं आले, हार घातलेला फोटो बघितला, आणि सगळी वाक्यं पळाली. आता तोंडाला येईल ते बोलते. चुकलं तर पोटात घाला. आणि मागचे दादा, तो मोबाईल तेवढा बंद करा हो. डॉक्टरीणबाई असत्या तर खिशातून काढून घेतला असता तुमच्या.

डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या वसुधाताई. नव्वदच्या आसपास त्या इकडं आरोग्य केंद्रावर आल्या. त्यांचे यजमान, हे आपले सर, घोडेगावला हायस्कुलात गणित शिकवायचे. लोक म्हणायचे, पुण्याची बाई आहे, वर्षभरात बदली करून घेईल. ताईंनी बदली घेतली नाही. नोकरी सोडली, पण गाव सोडलं नाही, इथंच दवाखाना काढला. आज त्यांना जाऊन पंधरवडा झाला, तरी दवाखान्यावरून जाताना पाय आपोआप थांबतो. तुमचा थांबतो का नाही? थांबतोच.

त्यांच्या औषधांबद्दल सगळे बोलले. मी त्यांच्या एका वेगळ्या कामाबद्दल बोलणार आहे. त्या कामाचं नावसुद्धा इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल.

दोन हजार साल उलटलं आणि एक पाहणी आली. देशोदेशीची पाहणी. कुठल्या देशात माणसं किती आजारी, कुठल्या दुखण्याचा बोजा किती, ते मोजायचं. सगळ्या देशांत तेच प्रश्न, त्याच क्रमानं. आपल्या जुन्नर-आंबेगावचं काम ताईंनी अंगावर घेतलं, आणि आम्हा बारावी झालेल्या काही बायांना हाताशी घेतलं. मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं. म्हटलं, "ताई, हे मोजून आपल्याला काय मिळणार? औषधं देणारेत का ते?"

ताई म्हणाल्या, "लता, माणूस मेला की त्याची नोंद होते. पण एखादी बाई वर्षानुवर्षं कंबर धरून चालते, तिची नोंद कुठं आहे? जे कुणी मोजलंच नाही, त्याच्यासाठी दवाखाना कोण काढेल?"

मला पटलं. नाही पटलं असतं तरी गेलेच असते म्हणा, घरातून बाहेर पडायला मिळत होतं.

पहिली फेरी आम्ही वारूळवाडीला केली. एक अनुसयाबाई होत्या. भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. खोकल्याची उबळ आली तशा खाली बसल्या. मी प्रश्न वाचला, "आजी, एकूण तुमची तब्येत कशी आहे? खूप चांगली, चांगली, बरी, वाईट, का खूप वाईट?"

आजी म्हणाल्या, "चांगली हाय की! मला काय धाड भरलीय? तुमी आदी बसा. च्या टाकते."

मी लिहिलं, चांगली. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. कुणाचे गुडघे सुजलेले, कुणाला डोळ्यानं दिसत नाही, कुणी दम लागून बोलता बोलता थांबते. विचारलं की उत्तर एकच. बरं हाय. काय न्हाई. चांगलं चाललंय.

नंतर दिल्लीहून एक साहेब आले. आकडे बघून हसायला लागले. म्हणाले, तुमच्या बायका तर श्रीमंत देशातल्या बायकांपेक्षा ठणठणीत आहेत! आम्ही पोरी लगेच फुगलो. म्हटलं, असणारच राव, भाकरी खातो आम्ही! ताईसुद्धा हसल्या. आणि मग फॉर्मांचा गठ्ठा परत उघडून बसल्या.

आता आपल्याकडं कसं असतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं? दारात माणूस आलं की पाणी द्यायचं, चहा टाकायचा. आल्या आल्या त्याच्यापुढं स्वतःचं दुखणं मांडायचं म्हणजे घराची अब्रू मांडायची. सून असेल तर विचारूच नका. आत सासू कान देऊन बसलेली. तिच्या देखत सुनेनं "माझी तब्येत वाईट" म्हटलं की झालं, कामाला नको म्हणून सोंग करते. मग बाई काय म्हणणार? बरं हाय. आणि ते 'बरं हाय' देशोदेशीच्या मापात जाऊन बसलं.

दुसऱ्या फेरीला त्या पाहणीत गोष्टी आल्या. छोट्या छोट्या, चार-पाच ओळींच्या. एक बाई आहे, तिला असं असं होतं, तर तिची तब्येत कशी म्हणाल? सगळ्या देशांत त्याच गोष्टी, फक्त बायांची नावं तिथली तिथली. मला काही केल्या कळेना, खोट्या बाईची तब्येत विचारून काय करायचं. ताईंनी समजावलं. म्हणाल्या, "प्रत्येक गावची धान्य मोजायची पायली लहान-मोठी असते ना? मग एकच पोतं सगळ्या गावांत नेऊन मोजायचं. पोतं तेच आहे, म्हणजे कुणाची पायली केवढी ते कळतं."

ह्या गोष्टी कशा वाचायच्या ते शिकायला मी ताईंच्या घरी गेले. दुपारची वेळ. ताई पडवीत वटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पण एक सूप पुढ्यात ओढलं. त्या म्हणाल्या, "आज मी विचारते, तू उत्तर दे. लता, तुझी तब्येत कशी आहे?"

मी म्हटलं, "बरी आहे."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. "एक हौसाबाई आहे. दोन बाळंतपणं झाली. उभी राहिली की ओटीपोटात खाली ओढल्यासारखं होतं. हंडा उचलताना जीव मुठीत धरते. खाली बसायचं झालं तर आधी इकडंतिकडं बघते, मग एका अंगावर बसते. हौसाबाईची तब्येत कशी?"

मी फटकन म्हटलं, "खूप वाईट. तिला कुणी डॉक्टरकडं नेत का नाही? घरातली माणसं आंधळी आहेत का?"

ताई शेंगा सोलत राहिल्या. एक शेंग, दुसरी शेंग. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी पण सोलत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की मी एका अंगावर बसलेय.

पुरुष मंडळींना खाली बघायचं असेल तर खुशाल बघा. मी आज सांगणार आहे. माझं अंग बाहेर येत होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर महिन्याभरात भात लावायला चिखलात उतरले, तेव्हापासून. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. रोज गावभर फिरून लोकांच्या बायकांना तब्येत विचारत होते, आणि संध्याकाळी न्हाणीत जाऊन रडत होते. ती दुपार नसती, तर अजून तशीच फिरले असते.

मी त्या दिवशी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर हात धुतले आणि म्हणाल्या, "ह्याला इलाज आहे." एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन हजर!

सासूबाई समोर होत्या. ताईंनी त्यांना काही समजावलं नाही, दटावलं नाही. तीच हौसाबाईची गोष्ट सांगितली. सासूबाई ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "आवं, त्यात काय सांगायचं? मला बी हाय की. लता ह्या घरात यायच्या आदीपासनं हाय." आणि असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं आम्ही एका चुलीपुढं बसत होतो. एकमेकींची उणीदुणी काढत होतो. आणि दोघींना एकच दुखणं.

पुण्याला माझं ऑपरेशन झालं. त्यानंतर सासूबाईंचं झालं. दोन्ही वेळेला ताई बरोबर होत्या. नवऱ्यानं मला विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तुम्ही विचारलंत कधी? विचारलं असेल, पण थांबलात कधी?

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ताईंबद्दल लोक उगाच काहीही बोलतात. त्यांनी पाहणीत फेरफार केला नाही. मी एकदा म्हटलं होतं, "ताई, अनुसयाबाईंची तब्येत सरळ वाईट लिहू का? डोळ्यांना दिसतंय ना." तर कसल्या चिडल्या! म्हणाल्या, "ती चांगली म्हणाली तर चांगलीच लिहायचं. तिच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. जगभरातल्या पाहणीदारांनी असा शहाणपणा केला, तर त्या मोजण्याला काय अर्थ राहिला?" मग जरा शांत झाल्या आणि म्हणाल्या, "पण फॉर्म मिटल्यावर उठायचं नाही. मोजणी संपली, भेट संपली नाही. तिथंच बसायचं. ती जे काम करत असेल ते हातात घ्यायचं. आणि गप्प राहायचं."

मग आम्ही तसंच केलं. फॉर्म मिटायचा, पिशवीत टाकायचा, आणि बसायचं. तांदूळ निवडू लागायचं, लसूण सोलू लागायचं. निरगुडसरला एका बाईबरोबर मी अख्खी दुपार टोमॅटोच्या पाट्या निवडल्या. ती ऊन उतरल्यावर बोलली. बोलली आणि मग थांबेना. त्यातून किती बाया ताईंच्या दवाखान्यात आल्या ते मी मोजलं नाही. त्या इथं आज बसल्यात. त्यांना माहीत आहे.

आता शेवटचं. हे सांगणं मला जड जाणार आहे. सरांनासुद्धा हे ठाऊक नाही.

यंदा थंडीत मी ताईंना भेटायला गेले. हृदयाचं दुखणं आहे एवढं गावात कळलं होतं. सर बाजारात गेले होते. ताई पडवीत खुर्चीवर होत्या. मी विचारलं, "ताई, तब्येत कशी आहे?"

ताई म्हणाल्या, "बरी आहे गं."

बघा! दुनियेला शिकवलं, आणि स्वतः काय म्हणाल्या? बरी आहे! मला राग आला. खरंच सांगते, रागच आला. मी पिशवीतून वटाण्याच्या शेंगा काढल्या, त्यांच्यासाठीच नेल्या होत्या, आणि सोलायला बसले. म्हटलं, "ताई, एक गोष्ट सांगते. एक वसुंधराबाई आहे. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली की थांबते. कुणी बघतंय असं वाटलं की पदर सारखा करायचं निमित्त करते. आडवं झालं की दम लागतो, म्हणून उशांना टेकून बसूनच झोपते. ह्या वसुंधराबाईची तब्येत कशी म्हणाल? खूप चांगली, चांगली, बरी, वाईट, का खूप वाईट?"

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. इतक्या हसल्या की धाप लागली. म्हणाल्या, "चोर कुठली! माझंच औषध मला पाजतेस?" आणि मग म्हणाल्या, "खूप वाईट आहे लता तिची. खूप वाईट."

मी शेंगा सोलत राहिले. त्यांनीच शिकवलं होतं.

निम्म्या शेंगा सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते गं."

मला वाटलं, मरणाची म्हणत असतील. मरणाची नव्हती. त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर लोक ह्यांना भेटायला येतील. विचारतील, सर, कसे आहात? हे म्हणतील, बरं आहे. ह्या माणसानं जन्मात दुसरं उत्तर दिलेलं नाही. आणि लोकांना ते खरं वाटेल, चहा घेतील, आणि उठून जातील. लता, तू उठू नकोस."

सर, मान वर करा. मी तुम्हाला लाजवायला हे बोलत नाहीये. पंधरा दिवस मी फाटकाजवळ उभी राहून बघतेय. माणसं येतात, विचारतात, तुम्ही बरं आहे म्हणता, माणसं जातात. आम्हीसुद्धा तसंच करत होतो. आज करणार नाही.

मंडळी, आता आपण उभे राहू आणि गप्प राहू. अशा सभेत दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. माझी विनंती आहे, आज घड्याळाकडं बघू नका. ताईंचं गप्प राहणं वेळ संपवण्यासाठी नसायचं, समोरच्याला बोलता यावं म्हणून असायचं. आपण तसं गप्प राहू. कुणी रडलं तर रडू द्या. कुणी बोललं तर ऐका. आणि सरांना नाही बोलता आलं तरी हरकत नाही. उद्या दुपारी मी शेंगा घेऊन येणार आहे, परवासुद्धा येणार आहे.

ताई, तुम्हाला नमस्कार करते. तुमचा निरोप पोचवला.

सर, तब्येत कशी आहे तुमची?