डोलीवाला दारातच का थांबतो?

मंडळी, खरं सांगतो, हे आख्यान मी लिहून ठेवणारच नव्हतो! म्हटलं, कुठल्या पोथीत नाही, कोण ऐकणार? पण एक प्रश्न काही सोडेना. ऐका — जो रोज दुसऱ्याला दारात पोचवतो, तो स्वतः आत कधी जातो?

भोरकड्याची बौद्ध लेणी. डोंगराच्या पोटात कोरलेली, पायऱ्या चारशे! तिथं हिरामण आणि बारकू, दोघं डोलीवाले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना खुर्चीत बसवायचं, बांबू खांद्यावर, वर न्यायचं, दारात उतरवायचं. आत जायचं नाही! बंदी होती? छे! बाप थांबला, आजा थांबला, म्हणून हेही थांबले. हसताय? आपापल्या घरी बघा!

बुद्धपौर्णिमेला राहीबाई साळवे आली. सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले.

"बसा आजी," हिरामण म्हणाला.

"माणसाच्या खांद्यावर बसून बुद्धाला भेटू? हट्!"

मग चढली कशी? बसून! डोंगराकडे पाठ, हातांवर भार — एक पायरी, धाप, दुसरी पायरी! हे दोघं रिकामी डोली घेऊन मागोमाग.

"दमली की डोलीत बसतीय बघ," बारकू कुजबुजला. कसली बसतीय!

अर्ध्यावर तिनं विचारलं, "आत काय काय हाय रं?"

हिरामण गडबडला. "बारा वर्षं येतोय आजी... बघितलं न्हाई."

"कुणी अडवलं?"

"कुणीच न्हाई."

"मग लाज वाटू दे की!"

मंडळी, शिवी परवडली असती!

पाच वाजले. रखवालदार लोखंडी दार ओढू लागला. राहीबाई दहा पायऱ्या खाली!

"उद्या या!"

"उद्या हे गुडघे येतील का रं?"

हिरामणचं डोकं सणकलं. बारकूला घेऊन तो धावला आणि डोली घातली थेट दारात, आडवी! "लाव आता!"

"ए डोलीवाल्या, तुझं काम दारापर्यंत!"

"आजवर होतं!"

बारकूनं बांबू धरून ठेवला. राहीबाई उरलेल्या दहा पायऱ्या चढली आणि बांबूखालून सरपटत आत शिरली. मागनं हिरामण! समोर स्तूप — साधा, उंच, काळा दगड. तिनं हात जोडले. "बुद्धं सरणं गच्छामि!" सगळं लेणं घुमलं. हिरामणनं आपला घट्टा पडलेला खांदा त्या दगडाला टेकवला. गार!

मंडळी, तुम्ही कुणाकुणाला दारात पोचवलंत? साहेबाला, पुढाऱ्याला, सगळ्या जगाला! आणि स्वतः? कुणी अडवलंय? बोला की!

हिरामण बाहेर आला. बारकू शिव्या खात बांबूला चिकटलेलाच. "आत काय हाय रं?"

हिरामणनं बांबू आपल्या हातात घेतला. "सांगणार न्हाई. जा! तू बाहेर येईस्तोवर हे दार लागू द्यायचा न्हाई मी — शब्द हाय माझा!"