बाबांच्या खोलीतला हीटर

नाही मॅडम, हीटरचं बटण पाचवर नका नेऊ. पाचवर नेलं म्हणून लवकर तापत नाही — सगळे हेच करतात, मस्कतला एसी सोळावर टाकायची सवय, तीच इथे डोंगरावर घेऊन येतात. ह्याच्यात गरम पाणी फिरतं, त्याला त्याचा वेळ लागतो. तीनवर ठेवा, म्हणजे वीस डिग्रीच्या आसपास, आणि विसरून जा. मी मूळचा एसीवाला — या जबल अखदरच्या डोंगरावर असले हीटर पाच-सहा घरांत, कोणी यायला तयार नसतं, मग आमचा अर्बाब, मालक हो, म्हणतो, गजेंद्र जाईल, गजेंद्रला थंडी वाजत नाही. वाजते हो. या महिन्यात चौथ्यांदा चढलोय हा घाट.

बिघडलं काय होतं? काहीच नाही. बॉयलर ठीक, पंप ठीक. तुमच्या सासऱ्यांच्या खिडकीतून वारा येतो म्हणून तुम्ही जाड पडदा लावलात — चांगल्या मनानंच लावलात — तो खाली हीटरवर आला. हे बटण आहे ना, ते शेजारच्या हवेवरून ओळखतं, खोली तापली की नाही. पडद्याच्या आत हवा गरम, त्याला वाटतं झालं काम, पाणी बंद करून टाकतं. आणि बाबा तिकडे पलंगावर कुडकुडतायत. बटणाला तरी काय बोलणार, त्याला पलंग दिसत नाही.

मी तरी कुठं वेगळं केलं. देवरुखकडे आमचं घर, आई एकटी. मागच्या मे महिन्यात तिच्या खोलीत एसी बसवला, स्वतःच्या हातानं — वीस वर्षं लोकांच्या घरात बसवतोय, आईला नको? पण ती सारखी बंद करायची. मग काय केलं, रिमोटच बॅगेत घालून इकडे घेऊन आलो. हसा, हसा, माझी बायको मंगलापण हसली होती. इथून मोबाइलवर चालू करायचो. खाली मस्कतला वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये घामानं निथळत असायचो, मोबाइल उघडून बघायचो — आईची खोली, चोवीस. बरं वाटायचं. व्हिडिओ कॉलला तिथंच बसलेली असायची, अंगावर शाल, म्हणायची, झकास गार आहे रे.

आणि झोपायची पडवीत. पाच महिने. कॉल संपला की चटई उचलून बाहेर. गारव्यानं गुडघे धरायचे तिचे — पण मुलानं हौसेनं बसवलंय, त्याला कसं सांगायचं? ऑक्टोबरात पहाटे पडवीच्या पायरीवरून पडली, खुबा मोडला, शेजारच्या खुदेजाचाचीचा फोन आला तेव्हा मला कळलं. त्या दिवशीही मोबाइलवर चोवीसच होतं. रिकामी खोली गार करत बसलो होतो मी.

आता खोलीतच असते. उठता येत नाही ना. रिमोट पाठवून दिला गावच्या माणसाबरोबर, उशाशी असतो, ती हात लावत नाही. रोज विचारतो, आई, गरम होतंय का, लावू का? म्हणते, तू म्हणशील तसं. यावर काय करायचं माणसानं? — जाऊ द्या.

पडदा वर अडकवलाय, तो खाली सोडू नका. ओले टॉवेल वाळत घालू नका ह्याच्यावर. — बाबा, आता बरं वाटतंय ना? — बघा, हो म्हणाले. मॅडम, सकाळी मी आलो तेव्हाही हेच म्हणाले होते, आणि हा पाइप तेव्हा बर्फासारखा होता. त्यांना विचारत नका बसू. त्यांचे पाय हातात घेऊन बघा. — अहो, नंतर नाही, आत्ता बघा. कामाच्या कागदावरची सही राहू द्या, मी थांबतो.